पाणबुड्याचा घास

१

मीराचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या तोंडात जायचा. फ्रीगंजात, टावर चौकापासून दोन गल्ल्या आत, तिचं दातांचं क्लिनिक होतं. सकाळपासून कुणाची किडलेली दाढ, कुणाच्या हिरडीतला पू, कुणाच्या तंबाखूने पांढरे पडलेले गाल. हातमोजे चढवले की तिला काही वाटत नसे. पण घरी आल्यावर हीच बाई पाण्याच्या ग्लासावर दुसऱ्याच्या ओठांची खूण दिसली तरी तो चिमटीत धरून सिंकमध्ये ठेवून यायची. उष्टं तिला चालत नसे. नवऱ्याचं नाही, आईचं नाही, आणि खरं सांगायचं तर पोटच्या पोरीचंही नाही.

इशिताच्या ताटात उरलेला वरणभात ती सरळ केराच्या डब्यात लोटायची. ते पाहिलं की तिच्या सासूबाई, रजनीताई, हटकून म्हणायच्या, "आम्ही तर लेकरांची ताटं पुसून-पुसून खायचो बाई. आई होऊन गेलीस, आता कसली घाण वाटते?"

मीरा डब्याचं झाकण लावायची. माणसाच्या तोंडात काय काय वस्तीला असतं, हे तिला सासूबाईंपेक्षा जास्त माहीत होतं.

दुपारी क्लिनिक बंद करून ती नानाखेड्याच्या फ्लॅटवर यायची, तोवर इशिता शाळेतून आलेली असायची. पोरगी सहा वर्षांची, पहिलीत. बोलायला चुरचुरीत आणि जेवायला महा त्रासदायक. रजनीताईंनी सगळ्या आज्या करतात ते करून पाहिलं होतं: हा घास काऊचा, हा चिऊचा, हा माऊचा. पण चौथ्या मजल्यावर कुलरच्या जाळीत कबुतरं सोडून दुसरा पक्षी कधी दिसला नव्हता, आणि इशिताला कबुतरांना घास देण्यात काडीचा रस नव्हता.

तोडगा काढला तिच्या बापाने. अभिजीत बँकेत होता. रविवारी दिवाणावर आडवं होऊन हातातल्या छोट्या कन्सोलवर गेम खेळायचं, एवढा एकच शौक त्याला होता. त्यातल्या एका गेमवर इशिताचा फार जीव. गंमत अशी, की त्यात निरनिराळ्या खेळांतले नायक आपापली दुनिया सोडून एकत्र आलेले होते. तलवारीच्या खेळातली लाल केसांची मुलगी, शर्यतीच्या खेळातला टकला ड्रायव्हर, शेतीच्या खेळातली आजी, कोड्यांच्या खेळातलं घुबड आणि समुद्राच्या खेळातला पाणबुड्या. लढाई संपली, की सगळे एका शेकोटीभोवती गोल करून बसत आणि नुसतेच डुलत राहत.

"हे एवढे पाहुणे येऊन बसलेत न," अभिजीत म्हणाला, "यांच्या नावाने दे तिला घास. काऊ-चिऊ जुने झाले यार."

आणि काय आश्चर्य, पोरगी जेवायला लागली. मीरा लोणच्याच्या बरणीला टेकवून कन्सोल उभा करायची, शेकोटीचा पडदा लावायची, आणि एकेक घास इशिताच्या तोंडात जायचा. हा शेतातल्या आजीचा, हा ड्रायव्हरकाकांचा, हा घुबडाचा. शेवटचा, तूप जरा जास्त घातलेला, पाणबुड्याचा. पाणबुड्या इशिताचा लाडका होता. त्याच्या डोक्यावर पितळेचा गोल टोप होता, पुढे जाड काच आणि काचेमागे नुसता अंधार. त्याला चेहराच दिलेला नव्हता.

ताट रिकामं व्हायला लागलं आणि मीराला केरात काही लोटावं लागेनासं झालं. तिला अगदी मोकळं वाटलं.

२

एक दिवस तिला कन्सोलच्या काचेवर भाताचं शीत दिसलं.

इशिता पहिल्यापासून हसताना, ठसका लागताना शितं उडवायचीच. मीराने नाक मुरडलं, ओल्या फडक्याचं टोक घेतलं आणि पडदा पुसला. शीत गेलं नाही. तिने नखाने खरवडून पाहिलं. नख गुळगुळीत काचेवरून सरकलं आणि शीत होतं तिथेच राहिलं. मग ती जरा वाकली.

शीत पडद्यावर नव्हतं. ते पाणबुड्याच्या टोपाच्या काचेवर होतं. आतल्या बाजूने.

"अभिजीत, हे बघ रे." संध्याकाळी तिने त्याला दाखवलं. तेव्हा शीत नव्हतं. काचेला आतून वाफ धरल्यासारखं झालं होतं आणि तिच्यातून एक पिवळट ओघळ खाली आलेला होता.

"ग्राफिक्स बढिया आहेत न?" अभिजीत खूष होऊन म्हणाला. "अपडेट आलं असेल काही."

"अरे, पण पिवळं का?"

"समुद्राचं पाणी असेल. तू पण न, मीरा, गेममध्ये पण फडकं घेऊन बसतेस!"

रजनीताई हसल्या, इशिता हसली, आणि मीराही हसली. घरात आपल्या स्वच्छतेच्या वेडावर विनोद होतात याची तिला सवय होती. पण तो ओघळ पाण्याचा नव्हता. वरणात हळद जरा जास्त पडली की त्याला जो रंग येतो, तो त्याला होता. त्या दिवशी वरणात हळद जास्त पडली होती.

३

इशिता वाळायला लागली.

सुरुवातीला कुणाला कळलंच नाही, कारण ताट तर रोज साफ होत होतं. मग शाळेचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला, तेव्हा रजनीताईंनी त्याला पिन लावली. मग पिनेची जागा बदलावी लागली. मानेची हाडं दिसायला लागली. शेजारच्या कुसुममावशींनी जिन्यात विचारलं, "काय गं, पोरीला काही देतेस की नाही खायला?" मीराला जिन्यातच रडू फुटेल असं वाटलं.

"सकाळी पोहे पण त्या पाहुण्यांच्या नावाने खाऊन राहिली आहे, वर सेव मागून घेते, दुपारी एवढा भात," रजनीताई हिशेब लावत बसायच्या. "जातंय कुठे सगळं? आपल्याकडे अशी पोरं नाही वाळत. जंताचं औषध देऊन दे तिला."

जंताचं औषध दिलं. फ्रीगंजातल्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, सगळं केलं. सगळं ठीक निघालं, फक्त वजन ठीक नव्हतं. "शी रोज होते का?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मीराच्या लक्षात आलं की तिला सांगता येत नाही. घरी येऊन तिने सासूबाईंना विचारलं. त्यांनाही आठवेना. दोघींनी नंतर लक्ष ठेवलं. होत नव्हती. एवढं जेवणारी पोरगी, आणि पोटातून काहीच बाहेर येत नव्हतं.

मीराचं डोकं शिकलेल्या बाईचं होतं. ते लगेच कामाला लागलं. काही मुलं गालात घास धरून ठेवतात आणि मागाहून थुंकून टाकतात, अशी मुलं तिच्या खुर्चीत कितीदा बसून गेली होती. हेच असणार. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर तिने क्लिनिकमधून आणलेला लहान आरसा काढला, इशिताला बाल्कनीच्या उजेडात उभं केलं आणि म्हणाली, "आ कर."

इशिताने आ केला.

नुकत्याच वरणभात खाल्लेल्या मुलाचं तोंड कसं असतं ते मीराला झोपेतही सांगता आलं असतं. दाढांच्या खाचांत पिठासारखा लगदा बसलेला असतो, गालाच्या आत शितं चिकटलेली असतात, जिभेवर तुपाचा थर असतो. इशिताच्या तोंडात काहीही नव्हतं. खाचा कोरड्या होत्या. जीभ पांढरी आणि सुकलेली होती. दिवसभर उपास केलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा आंबूस वास येत होता.

"गिळलंस ना सगळं?"

"हो."

"थुंकलं नाहीस?"

"नाही गं."

मीराने स्वतःच्या हाताने पुन्हा एक घास कालवला. बरणीला टेकवलेल्या कन्सोलकडे न बघता, सवयीने, तिच्या तोंडून निघून गेलं, "हा पाणबुड्याचा." घास पोरीच्या तोंडात गेला. मीराने तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. इशिताने चावलं, गिळलं. गळा वर गेला, खाली आला. घास मात्र उतरला नाही. बोटांखालून काहीच गेलं नाही, आणि तोंड उघडलं तेव्हा ते रिकामं होतं.

मागे बरणीजवळून मचमच असा बारीक आवाज आला. गेमच्या संगीतातला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आवाज बंद केलेला होता, हे तिला थोड्या वेळाने आठवलं.

४

त्या संध्याकाळी तिने इशिताला मांडीवर घेतलं. मांडीला तिची हाडं टोचत होती.

"सोनू, तुझं पोट भरतं का गं?"

"नाही."

"मग सांगितलं का नाहीस? एवढं सगळं जेवतेस, आणि…"

"मी कुठे जेवते?" इशिताने नवलाने तिच्याकडे पाहिलं. "तू सगळे घास त्यांना देतेस न. माझा एक पण नसतो."

"अगं, ते नुसतं म्हणायचं असतं. घास तर तुझ्याच तोंडात देते ना मी?"

"पण नाव त्यांचं असतं."

तक्रार नव्हती. शाळेत बाकावर कोण कुठे बसतं ते सांगावं, तशी ती सांगत होती. जगातल्या सगळ्या आया कावळ्याच्या नावाने पोराला घास भरवतात, कारण कावळा काही तो न्यायला येत नाही. एवढ्या भरवशावर तर ते सगळं चालतं.

ती उठली, वाटीत दहीभात कालवला आणि घास पुढे केला. "हा घास इशिताचा. फक्त इशिताचा. घे."

इशिताने ओठ घट्ट मिटले.

"घे ना गं."

"आता नको. पाणबुड्या म्हणतो, थांब. आधी त्यांचं होऊन जाऊ दे. मग ते मला देणार आहेत."

"काय देणार आहेत?"

इशिता कंटाळली होती. तिने आईच्या खांद्यावर मान टाकली आणि डोळे मिटले.

मीराने तिला झोपवलं आणि कन्सोल घेऊन दिव्याखाली बसली. बंद होता तरी तो हाताला कोमट लागला. बटणांच्या कडांना चिकट झालं होतं. तिने नाकाजवळ नेला आणि झटकन लांब केला. ज्या डब्यात काल दुपारचा भात विसरून राहिला आहे, तो उघडल्यावर येतो तो वास. पोरीने घास आत कोंबले असणार, दुसरं काय! तिला जवळजवळ बरं वाटलं. यंत्रात भात भरणारं पोर समजून घेता येतं. तिने हातमोजे घातले, कापसाला स्पिरिट लावलं, दाताची खाच तपासायची बारीक सळी घेतली आणि गेमचं कार्ड बसवतात त्या फटीत हळूच फिरवली.

सळीच्या टोकाला पिवळा लगदा आला. तिने पुसला. आणखी आला. मग सळी न लावताही तो येत राहिला, ट्यूब दाबल्यासारखा, सावकाश, कोमट, फुगे असलेला. भात होता तो, पण पोराने बोटाने कोंबलेला भात नव्हता. नीट चावलेला, लाळेने सैल झालेला, एकही शीत अख्खं न राहिलेला भात होता. त्यात एक तांबडा लांब केस होता. घरात कुणाचेच केस तांबडे नव्हते.

मीरा मोरीकडे धावली आणि पोट आवळून ओकली. रोज पू बघणारी बाई, पण आतडी तोंडाशी आली.

५

तिने कन्सोल खिडकीच्या जुन्या पडद्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. ती उंच स्टुलावरून खाली उतरली तेव्हा रजनीताई दारात उभ्या होत्या.

"त्याच्याशिवाय जेवेल का ती?"

"जेवेल. भूक लागली की जेवेल."

इशिता जेवली नाही. रडली नाही, हट्ट केला नाही, नुसते ओठ मिटून बसून राहिली. पुढे पुढे तर तिला जिना चढवेना. शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलमध्ये सलाईन लावलं, तेव्हा नर्सला शीर सापडेना. अभिजीत कॉरिडॉरमध्ये भिंतीला डोकं टेकून उभा होता.

"तू तो गेम का लपवून ठेवलास?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच मीराला जास्त लागलं. "चार घास जात होते न तिच्या पोटात. ते पण बंद करून टाकलेस."

"जात नव्हते, अभिजीत. मी तुला सांगितलं, त्या फटीतून…"

"पोरगी मरून जाईल, मीरा. आणि तू मला फटीचं सांगून राहिली आहेस."

ती हॉस्पिटलचं बिल आणि औषधं बघून परत येईपर्यंत रजनीताई घरी जाऊन आल्या होत्या. खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. इशिता पलंगावर दाराकडे पाठ करून बसली होती आणि दोन्ही हातांनी काहीतरी तोंडाशी धरलं होतं, कढण प्यायला वाटी धरतात तसं. तिची मान हलत होती. मीराने दार ढकललं.

"श्श," रजनीताई डोळे पुसत म्हणाल्या. "बघ, खाऊन राहिली आहे. मी काही दिलं पण नाही, तरी."

दुसऱ्या दिवशी इशिताच्या गालांवर रंग आला. आठवडा उलटायच्या आत ती सोसायटीच्या अंगणात पळत होती. स्कर्टची पिन निघाली. डॉक्टरांनी पाठ थोपटली. रजनीताई राम घाटावर जाऊन आल्या, क्षिप्रेची ओटी भरली आणि येताना जिन्यातल्या सगळ्या घरांत पेढे वाटले. कुसुममावशी म्हणाल्या, "चला, आईला अक्कल आली." मीराने पेढा घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला.

कारण इशिता घरचं काही खात नव्हती. वरणभाताला हात लावत नव्हती. दुपारच्या वेळी ती कन्सोल घेऊन जेवणाच्या टेबलाखाली जायची, थोड्या वेळाने तोंड पुसत बाहेर यायची आणि ढेकर द्यायची. त्या ढेकरेचा वास मीरा श्वास रोखून टाळायची.

एकदा मात्र तिने तोंड तपासलंच. इशिताने आनंदाने आ केला. आता खाचा भरलेल्या होत्या. मऊ, गुळगुळीत लगद्याने सगळ्या दाढा लिंपलेल्या होत्या, आणि त्याला वास एका तोंडाचा येत नव्हता. मीरा इतकी वर्षं माणसांची तोंडं हुंगत आली होती, तिला ते वेगवेगळे काढता आले. कुणा म्हाताऱ्या बाईची सैल कवळी, कुणाचा तंबाखू, कुणाची कुजकी हिरडी. आणि या सगळ्यांच्या खाली, तळाशी, बंद डबक्यातल्या पाण्याचा वास.

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी बसली आणि टेबलक्लॉथ उचलून खाली वाकली.

बाल्कनीतून ऊन तिरपं आत आलं होतं, त्यामुळे नीट दिसलं. इशिता मांडी घालून बसली होती. कन्सोल तिने तोंडासमोर आडवा धरला होता. पडद्यावर शेकोटी होती, पण तिच्याभोवती कुणी बसलेलं नव्हतं. सगळे पडद्याच्या काठाशी येऊन दाटीवाटीने उभे होते, आजी, ड्रायव्हर, लाल केसांची पोरगी, घुबड. सगळे खाली वाकलेले, तोंडं वासलेली, माना पुढे-मागे उसळत होत्या. चिमणी घरट्यात पिल्लाला भरवते ना, तसे. आणि पाणबुड्या मध्ये होता. त्याने टोपाची काच उघडली होती.

मीराने आत पाहिलं नाही. निदान तिने पुढे स्वतःला तसं बजावून ठेवलं. तिला एवढंच आठवत होतं, की आत अंधार नव्हता, ओलं होतं, आणि ते ओलं इशिताच्या ओठांपर्यंत पोचलेलं होतं.

६

"मला ते खाणं बंद करून हवंय," तिने त्याच संध्याकाळी अभिजीतला सांगितलं.

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. "ती खेळते, पळते, हसते. वजन वाढून राहिलं आहे. तुला अजून काय पाहिजे?"

"तू एकदा टेबलाखाली बघ."

"नाही बघणार," अभिजीत म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मीराला कळलं की त्याने बघितलेलं आहे. "तू पण नको बघूस. चलो, हात धुऊन घे, आईने गरम पोळ्या टाकल्या आहेत."

स्वयंपाकघरात रजनीताई पोळी लाटत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

मीराने दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडलंच नाही. अभिजीत बँकेत गेला, रजनीताई खाली भजनाला गेल्या. तिने वरणभात केला. तांदूळ आंबेमोहर, वरण हिंग घालून, वर घरचं तूप, लिंबाची फोड. स्वच्छ धुतलेल्या हाताने कालवला. त्या वासानेच कुणाचीही भूक चाळवावी. इशिता समोर पाय हलवत बसली होती. गुबगुबीत, टवटवीत. एखाद्या बाळअन्नाच्या जाहिरातीत घ्यावी अशी. कन्सोल तिच्या मांडीवर होता.

"सोनू, आज माझ्या हातचं खा. एकच घास." मीरा पुढे झुकली. "एकच. नाव तुझंच. मी परत कधी कुणाला देणार नाही. शप्पथ."

इशिताने घासाकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पडद्याकडे. तिथे कुणी काही सांगत असावं असं तिने कान देऊन ऐकलं.

"खाईन," ती म्हणाली. "पण आधी तू."

"मी?"

"तू त्यांना रोज द्यायचीस न. ते म्हणतात, आता आईला आम्ही देऊ. तू घेतलास की मी तुझ्या हातचा घेईन."

"खरंच घेशील?"

"खरंच."

इशिताने कन्सोल उचलला आणि एक तळहात खोलगट करून त्याखाली धरला. सावकाश, टपटपत, तळहातात ते जमा झालं. आज पिवळं नव्हतं, करडं होतं, आणि त्यातून वाफ निघत होती. इशिताने कन्सोल मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताच्या तीन बोटांनी त्याचा घास केला, नीट गोल, मीरा करायची तसाच, आणि हात लांब केला.

"हा घास आईचा," ती म्हणाली.

घासातून एक दोरा निघून इशिताच्या मनगटावर लोंबत होता. वास मीराच्या नाकात गेला, घशात गेला, डोळ्यांना पाणी आलं. सगळं अंग मागे सरकू पाहत होतं. एक पाय खुर्चीखालून निघून दाराकडे वळलाही होता. समोर पोरीचा हात होता, आणि तो थांबून राहून थकायला लागला होता.

मीराने तोंड उघडलं.

घास जिभेवर बसला. चावावा लागत नव्हता, कुणीतरी आधीच चावला होता. तिने हुंदका देतच गिळला आणि घास खाली गेला. या वेळी मात्र खरंच गेला. छातीतून, पोटापर्यंत, कोमट, जड.

"शाब्बास," इशिता म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं. "दे आता."

मीराच्या डाव्या हातात वरणभाताची वाटी होती. तुपाचा वास येत होता. तिने त्या वाटीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला शिजवलेल्या अन्नाची शिसारी आली. कोरडं, परकं, कुणाच्याच तोंडातून न आलेलं अन्न.

"आई, दे न. तू म्हणाली होतीस."

मीराने वाटी टेबलावर ठेवली, जरा लांब. मग ती पोरीच्या तळहाताकडे वाकली, आणि इशिताने दुसरा घास करायच्या आधीच तिने तोंड उघडलं.